जावयबापूंनी शोधलेला फॉल्ट

माझ्या सासुरवाडीत मला आता कुठल्याही बटणाला हात लावायची परवानगी नाही. पंखा हवा असला तर मी खुर्चीत बसून "पंखा" एवढंच म्हणायचं आणि कोणीतरी उठून तो लावायचा, अशी पद्धत पडली आहे. बाहेरचे लोक बघतात आणि म्हणतात, काय बुवा जावयाचा थाट! मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. माझ्याकडे शिल्लक राहिलेली अब्रू तेवढीच आहे.

खरं तर मी इलेक्ट्रिकलचाच माणूस. अंबरनाथच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्सला आहे. बदलापूरला शिरगावात राहतो. आमच्या सोसायटीत कोणाचा फ्यूज उडाला, कोणाची बेल वाजेना, की माझ्या दारावर थाप पडते. मी कपाळाला आठ्या घालून, हातात टेस्टर घेऊन, पायजम्यावर निघतो. (आठ्या महत्त्वाच्या. नुसत्या टेस्टरने लोकांचा विश्वास बसत नाही.) तर अशा माणसाच्या हातून जे घडलं ते सांगताना मला आजही लाज वाटते. पण बायको म्हणते, तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी जास्त चांगलं सांगते. म्हणून मीच सांगतो.

माझी सासुरवाडी जांभूळ गावची. सासूबाई, मेव्हणा संदीप आणि त्याची बायको वैशाली, एवढी माणसं, आणि शेरू नावाचा एक काळा कुत्रा. वैशालीच्या हाताला अशी चव आहे की तिच्याकडे एकदा जेवलेला माणूस दुसऱ्या वेळी न बोलावता येतो. तिच्या मनात जेवण पुरवायचं काम मोठं करायचं होतं. त्याच वेळी आमच्या कारखान्याचा कँटीनवाला काम सोडून गेला. मी मॅनेजर साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, खंडेनवमीच्या जेवणाचं काम आमच्या वैशालीला देऊन तर बघा."

साहेब म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणून देतो. सव्वाशे माणसं आहेत. पूजा बाराला, पानं एकला. चव चांगली निघाली आणि जेवण वेळेवर आलं, तर रोजचं काम त्यांचंच."

वैशालीने ते ऐकलं आणि तिचे डोळेच भरून आले. संदीपने लगेच एक जुनी पिकअप घेतली. जुनी म्हणजे आपल्याला नवीच. सासूबाईंनी तिला ओवाळलं, पुढे लिंबू-मिरची बांधली, आणि सगळ्यांना बजावलं, "ही लक्ष्मी हाय. हिच्यात कुणी चपला घालून चढायचं नाय." संदीप तेव्हापासून गाडी अनवाणीच चालवतो. पायाला गार लागू नये म्हणून सासूबाईंनी ड्रायव्हरच्या पायाखाली एक जाड गोणपाट दुमडून अंथरलं होतं.

खंडेनवमीच्या दिवशी मी सकाळी आठलाच स्कूटरवरून जांभूळला हजर झालो. मंगल, म्हणजे माझी बायको, आदल्या दिवसापासूनच माहेरी मदतीला होती. अंगणात तीन चुली पेटलेल्या. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, जिलबी, आणि पिंपभर मठ्ठा! वैशाली पहाटे तीनपासून उभी होती. घामाने नुसती निथळत होती, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

आता अशा घाईत मी काय करावं? कांदा चिरावा, पाणी भरावं, निदान कोणाच्या मध्ये येऊ नये. मी म्हटलं, "संदीप, गाडीत माझा एक फोटो काढ रे. स्टिअरिंगवर हात ठेवून."

मला गाडी चालवता येत नाही, हे इथे सांगून टाकतो. पण फोटोत ते दिसत नाही.

मी दारापाशी माझ्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी काढल्या आणि वर चढलो. तेवढ्यात शेरू आला आणि चपलांचा वास घ्यायला लागला. त्याची नजर मला बरी दिसली नाही. मी वाकून दोन्ही चपला झटकन वर ओढल्या, पायाशी सरकवल्या, पोट आत घेतलं आणि हसलो. फोटो झकास आला. उतरताना मात्र हाताला एकच चप्पल लागली, उजवी. डावी गायब!

"शेरू!" मी ओरडलो.

शेरू चुलीपाशी झोपला होता. त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"बघा, बघा, कसा साळसूद पडलाय! माझी चप्पल नेलीन याने!"

सासूबाई म्हणाल्या, "आवं जावयबापू, तो जन्मात कधी चप्पल नाय उचलत."

"आज उचलली. कोल्हापुरी आहे ती, वासाला भुलला असेल."

जावयाचा शब्द! सासूबाईंनी बिचाऱ्या शेरूला दोन शिव्या घातल्या आणि साखळीने बांधून टाकलं. मला त्यांनी त्यांची जांभळी रबरी सपात आणून दिली, डाव्या पायाची. उजवीही देत होत्या, पण मी म्हटलं, उजवी आहे माझी. माणसाने आपली शान निम्मी तरी राखावी.

साडेदहाला सगळी पातेली पिकअपमध्ये चढली. संदीपने दोरी आवळली, अनवाणी वर चढला, क्लच दाबला, किल्ली फिरवली. काहीच नाही. सेल्फ फिरला नाही, साधा टक असा आवाजसुद्धा नाही. परत फिरवली. परत शांतता.

"सकाळी तर मस्त चालू झाली होती," संदीप म्हणाला. "सिलिंडर आणायला सहाला जाऊन आलो ना मी!"

"मग मध्ये काय झालं?" वैशालीने विचारलं.

"काय होणार? उभीच तर होती. मध्ये फक्त भावोजी बसले होते फोटोला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे हो! आशेने. घरात इलेक्ट्रिकलचा माणूस होता ना! तो क्षण मला आठवतो आणि अजून अंगावर काटा येतो, कारण तेव्हा माझी छाती फुगली होती. मी खिशातून टेस्टर काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हॉर्न वाजव." वाजला. "दिवे लाव." लागले. "म्हणजे बॅटरी ठीक," मी जाहीर केलं. मंडळी माना डोलवायला लागली.

संदीप म्हणाला, "भावोजी, क्लच मला पूर्ण खाली जात नाय असा वाटतो. खाली काहीतरी अडल्यासारखं..."

"संदीप," मी शांतपणे म्हणालो, "तो झाला मेकॅनिकलचा विषय. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांची गल्लत करायची नसते."

तो गोणपाट उचलून बघायला वाकला, तसा मी त्याचा हात धरला. "हां हां हां! तपास चालू असताना जागेवरची एकही वस्तू हलवायची नाही. पहिला नियम आहे हा!"

तेवढ्यात शेजारचा तुकाराम त्याचा टेम्पो घेऊन दारावरून चालला होता. त्याने थांबून विचारलं, "काय झालं? माझ्यात टाका पातेली. मी अंबरनाथलाच चाललोय."

वैशालीचं एक पाऊल पुढे पडलंसुद्धा. पण मी हात वर केला. "नको, नको! दहा मिनिटांचं काम आहे. पातेली चढवा-उतरवा कशाला करताय?"

तुकाराम गेला. त्या टेम्पोचं मागचं फळकूट वळणावर दिसेनासं झालं ते मी आजही स्वप्नात बघतो.

मग मी ड्रायव्हरच्या पायाखालच्या जागेत उताणा शिरलो. डोकं पेडलांखाली, पाय दाराबाहेर, एक कोल्हापुरीतला, एक जांभळा. (वर चढताना चपला काढायला हव्यात, हे मी विसरलो. पण पाय बाहेरच होते, त्यामुळे लक्ष्मीने चालवून घेतलं.) पाठीखाली काहीतरी कडक टोचत होतं. चांगलं टोचत होतं, अगदी कण्याच्या बाजूला. पण कामात बुडालेला माणूस असल्या गोष्टींकडे लक्ष देत नाही.

क्लचच्या पेडलपाशी वरच्या बाजूला एक छोटा स्विच सापडला. क्लच पूर्ण दाबला की हा स्विच दाबला जातो, आणि तो दाबला गेला तरच सेल्फ फिरतो. गाडी गिअरमध्ये राहिली असताना कोणी नुसती किल्ली फिरवली तर गाडीने उडी मारू नये, म्हणून ती सोय. मी त्या स्विचच्या दोन्ही वायर काढल्या, एकमेकींना जोडल्या आणि आतून ओरडलो, "मार किल्ली!"

संदीपने पलीकडच्या दारातून हात घालून आधी गिअर काढला, मग किल्ली फिरवली. धर्रर्र! गाडी चालू!

अंगणात टाळ्या पडल्या. सासूबाईंनी लांबूनच कानशिलावर बोटं मोडली. मी बाहेर आलो, केसांतली धूळ झटकली, आणि म्हटलं, "सिद्ध झालं. स्विच गेलाय."

"चला, चला!" वैशाली पदर खोचून म्हणाली. "अकरा वाजले. बसा सगळे."

आणि मी हात लांब करून गाडी बंद केली.

हो. चालू झालेली गाडी मी, स्वतःच्या हाताने, बंद केली.

"हे काय?" वैशाली थिजून बघत राहिली.

"अशी वायर जोडून गाडी चालवणं धोक्याचं आहे. सव्वीस वर्षांत मी कधी जुगाड केला नाही. उल्हासनगरला जाऊन नवा स्विच आणतो, पाऊण तासात परत. गाडी कशी, व्यवस्थित जायला हवी."

"भावोजी, आजच्या दिवस तरी..."

"सेफ्टी म्हणजे सेफ्टी!"

मी स्विच काढून खिशात टाकला. गाडीची किल्लीही खिशात टाकली. आमच्याकडे नियमच आहे तसा. यंत्र उघडं असताना किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहायची, दुसऱ्या कोणाला चालू करता येता कामा नये. फार चांगला नियम आहे. कारखान्यात त्याने माणसं वाचतात.

वैशालीने फक्त मसालेभाताच्या पातेल्यावरचं फडकं नीट केलं. दोनदा केलं.

उल्हासनगरला पोचेपर्यंत खंडेनवमीच्या गर्दीने माझा जीव घेतला. झेंडूच्या राशी, आंब्याच्या डहाळ्या, हातगाड्या. स्पेअर पार्टच्या एका दुकानात एक म्हातारे सिंधी काका गल्ल्याला हार घालत होते. मी स्विच पुढे केला. "ऐसा एक नया दो. ये खराब है."

त्यांनी तो बोटांत फिरवला, टेबलावरच्या दोन वायरींना लावला आणि अंगठ्याने दाबला. त्यांच्या फळीवरचा छोटा दिवा लागला. सोडला, विझला. दाबला, लागला.

"साईं, ये तो चालू है."

"वो इधर चालू है. गाडी में नहीं चलता."

"तो पेडल पूरा दबता नहीं होगा. पेडल के नीचे देखा? चटाई-वटाई फँसती है, बोतल फँसती है."

ऐका! तीस सेकंदांत, खुर्चीवरून न उठता, गाडी न बघता! आणि मी काय म्हणालो? मी छाती काढून म्हणालो, "काका, छब्बीस साल से इलेक्ट्रिकल में हूँ."

काका काउंटरवरून थोडे पुढे वाकले. माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग डाव्या पायाकडे पाहिलं. मग नवा स्विच काढून दिला.

बाहेर आलो तर फोनवर वैशालीचे सात कॉल.

"भावोजी, कुठे आहात? पावणेबारा झाले! संदीप म्हणतोय तो वायर जोडून घेतो, पण किल्ली सापडत नाहीये!"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. "किल्ली... अं... माझ्याकडे आहे."

ती हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, मी पहाटे तीनला उठलेय हो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी स्कूटर अशी हाणली की सासूबाईंची सपात दोनदा रस्त्यात पडली आणि मी दोनदा उतरून ती आणली. त्यातही वेळ गेला.

साडेबाराला अंगणात शिरलो. घाईघाईत स्कूटर कुठे लावली ते बघितलंच नाही. सगळे दारात उभे. शेरू साखळीला बांधलेला, तोंड फिरवून बसलेला. मी परत उताणा आत शिरलो. (पाठीला परत तेच टोचलं, त्याच जागी.) नवा स्विच बसवला, घामाघूम होऊन बाहेर आलो, आणि किल्ली संदीपच्या हातात दिली. "मार!"

संदीप चढला. क्लच दाबला. किल्ली फिरवली.

काहीच नाही.

"परत मार!"

काहीच नाही.

"पूर्ण दाब ना क्लच!"

"पूर्णच दाबतोय, भावोजी! आणखी जातच नाय खाली, मी सकाळपासून तेच तर सांगतोय!"

माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. स्विच नवा, वायर बरोबर, मग गाडी चालू होत नाही म्हणजे काय? तेवढ्यात माझाच फोन वाजला. मॅनेजर साहेब! "अहो, पूजा आटपली. माणसं बसायला लागलीत. जेवण कुठपर्यंत आलं?"

"निघालंय साहेब, निघालंय!" मी म्हणालो.

आता सेफ्टी गेली खड्ड्यात. मी वाकून नव्या स्विचच्या वायर उपटल्या आणि परत जोडल्या. तोवर संदीप खाली उतरून मागे पातेल्यांची दोरी बघत होता. मी म्हटलं, आता याला परत वर चढवण्यात वेळ कोण घालवणार? दाराबाहेर उभ्या उभ्याच मी खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

अंगणाला उतार आहे. गाडीचा हँडब्रेक थोडा ढिला आहे. म्हणून संदीप गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करतो. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेरूलाही माहीत असावं.

"भावोजी, गिअरमधे हाय!" मागून संदीपची किंकाळी आली, आणि लक्ष्मीने उडी मारली!

बेडूक उडी मारतो तशी. एकदा, दोनदा. मी खिडकीत हात अडकलेला, गाडीबरोबर एका पायावर लंगडी घालत निघालो. समोर एक स्कूटर उभी होती. कोणत्या गाढवाने ऐन तोंडावर लावली, असं मनात येईपर्यंत धडाड! गाडी स्कूटरवर आदळली आणि बंद पडली. माझी स्कूटर होती ती. मागच्या मठ्ठ्याच्या पिंपाचं झाकण उडालं, आणि पिंपभर मठ्ठा केबिनवरून, खिडकीतून, लाटेसारखा आला. निम्मा गाडीत गेला. निम्मा माझ्यावर.

कोणालाही लागलं नाही. देवाची कृपा. मी तिथे उभा होतो, भुवईवर कोथिंबीर, खिशात आलं-मिरची, आणि कानात थंडगार ताक.

सासूबाई धावत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "अगो बाय! लक्ष्मीच्या अंगावर ताक सांडलं!" असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि भिजलेलं गोणपाट झटकायला म्हणून जोरात बाहेर ओढलं.

गोणपाटाच्या घडीतून काहीतरी खाली पडलं. फट्.

माझी कोल्हापुरी. डावी. क्लचच्या दांड्याचा ठसा तिच्यावर मधोमध उमटला होता.

संदीपने वर चढून क्लच दाबला. तो आरामात खालपर्यंत गेला. त्याने वायर सोडवून स्विच नीट जोडला, पेडल दाबलं, किल्ली फिरवली. धर्रर्र. पहिल्या झटक्यात.

वैशाली गाडीत बसली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. धरणी काही दुभंगली नाही. मंगल पुढे आली आणि तिने ती चप्पल उचलून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. बोलली काहीच नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती काहीच बोलली नाही असा तो पहिला दिवस.

निघता निघता मी शेरूची साखळी सोडली. त्याने माझा मठ्ठ्याचा हात चाटला. मोठ्या मनाचा प्राणी. मला मात्र त्याच्या डोळ्यांत बघवेना.

कारखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सव्वाशे माणसं पत्रावळींसमोर बसलेली, पुढ्यात फक्त मीठ आणि लिंबाची फोड. काहींनी लिंबूही चोखून संपवलं होतं. साहेब दारातच उभे. चेहरा तापलेला.

"काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत वैशाली म्हणाली, "साहेब, गाडीचा स्विच गेला होता. भावोजींनी उल्हासनगरहून नवा आणून बसवला, म्हणून येऊ तरी शकलो."

साहेबांचा चेहराच बदलला. त्यांनी माझ्या ओल्या शर्टाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अरे, आपल्या मेंटेनन्सच्या माणसाने वाटेत गाडी दुरुस्त करून जेवण आणलंय! टाळ्या!" सव्वाशे भुकेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पूजेतला हार आणून माझ्या गळ्यात घातला. मी तो काढला नाही. का काढला नाही, देव जाणे. ताकाचा वास मारत, एका पायात जांभळी सपात घालून, मी तो हार घालून पुऱ्या वाढल्या.

जेवण असं झालं की सांगता सोय नाही. लोकांनी मसालेभात तीनतीनदा मागून घेतला. "मठ्ठा नाही का?" असं एकाने विचारलं, तेव्हा मी जरा लांब सरकलो.

पंगती उठल्यावर साहेबांनी वैशालीला बोलावलं. मी मागे उभा होतो. साहेब म्हणाले, "ताई, हाताला काय चव आहे हो तुमच्या! पण खरं सांगू का? गाडी जुनी आहे. आज स्विच गेला, उद्या आणखी काही जाईल. इथे रोज एकच्या ठोक्याला जेवण लागतं. गाडीचाच भरवसा नसेल तर मी काम कसं देऊ?"

वैशाली मान खाली घालून उभी राहिली. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. एकच! तिने ते गिळलं. मोठ्या नणंदेचा नवरा, घरचा जावई, इतक्या लोकांत त्याचा पाणउतारा कसा करायचा, म्हणून पहाटे तीनपासूनची मेहनत ती मुकाट्याने सोडून द्यायला तयार झाली होती. माझ्या गळ्यातला हार मला करकचून बांधल्यासारखा वाटायला लागला.

"साहेब," मी म्हणालो, "गाडी ठणठणीत आहे."

"पण स्विच..."

"स्विचही ठणठणीत होता." मी पिशवीतून चप्पल काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "क्लचखाली ही होती."

"ही कोणाची?"

मी नुसता उजवा पाय पुढे केला. साहेबांनी जोडी जुळवली.

मग मी सगळं सांगितलं. फोटो, शेरू, तुकारामचा टेम्पो, चालू गाडी बंद करणं, खिशातली किल्ली, सगळं. आजूबाजूला हात धुवायला आलेले लोक थांबले. आधी वीस होते, मग पन्नास झाले. माझ्या खात्यातली पोरं भिंतीला धरून हसत होती. एकाला ठसका लागला, त्याला पाठीवर थापट्या मारायला लागल्या. साहेब स्वतःला सावरत होते, पण मी "पाठीला टोचत होतं" म्हणालो तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे," ते कसेबसे म्हणाले, "गाडीत काही दोष नाही?"

"नाही साहेब. दोष जावयात आहे."

"मग दसरा झाला की या ताई, सोमवारपासून. रोज एकला. फक्त..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "यांना घरी ठेवून या."

वैशाली हसली. गाडी अडल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली, आणि मग हसता हसता रडली, आणि मला म्हणाली, "भावोजी, तो हार आता काढा हो."

ती पिकअप आता रोज बाराला जांभूळहून निघते. आजपर्यंत एक दिवस चुकली नाही. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन आधी तिला सलाम करतो आणि मग मी दिसलो की माझ्या पायांतल्या चपला मोजतो. सासूबाईंचा नियमही अजून तसाच आहे. त्या गाडीत अनवाणी पायांशिवाय कोणी चढत नाही. पाहुणे नाहीत, संदीप नाही, परवा सत्यनारायणाला आलेले गुरुजीसुद्धा नाहीत.

मी तेवढा अपवाद आहे. मागच्या आठवड्यात मी सवयीने गाडीच्या दारापाशी चपला काढायला वाकलो, तर सासूबाई घरातून धावत आल्या आणि दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "आवं जावयबापू, तुमी तेवढ्या चपला घालूनच बसा! लक्ष्मी रागावली तर तिचं मी बघते."